टोंगळे ठणकत असतानाही झोप कशी लागेल

"आधी दुखणं थांबू द्या, मग झोप आपोआप लागेल," असं कंबर आणि टोंगळे, म्हणजे गुडघे, धरून बसलेली माणसं एकमेकांना सांगतात. या समजुतीपायी वर्षानुवर्षं जागरण होतं. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट दुखणं म्हणतात. झिजलेला टोंगळा, रोवणी-निंदणीत वाकून धरलेली कंबर, मधुमेहाने होणारी तळपायाची आग, अशी बरीचशी दुखणी पुरती जात नाहीत, त्यामुळे ती जाण्याची वाट पाहत झोप अडवून ठेवण्यात अर्थ नाही. सुरुवातीला झोप दुखण्यानेच मोडते. पण महिना-दोन महिन्यांत तिला स्वतःचे दोष जडतात. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही म्हणून दुपारी दोन तास आडवं होणं, सुस्ती घालवायला संध्याकाळचा जास्तीचा चहा, थकवा आला म्हणून आठलाच अंथरुणावर पडणं. टोंगळा आहे तसाच असला तरी हे दोष दुरुस्त करता येतात.

याचा दुखण्यालाही फायदा होतो. झोप अपुरी झाली की तेवढ्याच दाबाला, तेवढ्याच ताणाला शरीर जास्त दुखतं. ज्यांना काही दुखत नाही अशा धडधाकट लोकांना जागं ठेवून पाहिलं, तेव्हा त्यांचीही सोसण्याची ताकद उतरली. म्हणजे रात्र सुधारली तर दुसऱ्या दिवशीची कंबर थोडी हलकी जाते.

रात्रीच जास्त का दुखतं, हेही समजून घ्या. दिवसा वावरात, चुलीजवळ, माणसांत मन गुंतलेलं असतं. रात्री मेंदूला ऐकायला दुखण्याखेरीज काही उरत नाही. शिवाय शरीराची सूज आवरून धरणारं कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यांत कमी असतं, आणि न हललेले सांधे आखडतात. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते आणि फेरी संपताना प्रत्येक जण क्षणभर वर येतो. निरोगी माणूस कूस बदलतो, विसरून जातो. दुखणाऱ्याला मात्र त्याच क्षणी ठणका लागतो आणि तो पुरता जागा होतो. रात्रभर एकदाही जाग येऊ नये हे ध्येय ठेवलं तर निराशाच पदरी पडेल. जाग आली तरी दहा मिनिटांत परत डोळा लागावा, एवढं आधी गाठायचं.

अंथरूण आणि झोपण्याची ढब

कंबर दुखते म्हटलं की गावात पहिला सल्ला मिळतो, "फळीवर झोप, नाहीतर खाली भुईवर झोप." त्याला आधार नाही. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांवरचा अभ्यास आला. त्यात टणक गादीपेक्षा मध्यम टणक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. आपल्याकडे भुईवर झोपण्यात आणखी मोठा धोका आहे. मण्यार रात्री फिरते आणि भुईवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा झोपमोडही होत नाही. त्यामुळे झोपायला खाट किंवा पलंगच हवा, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचलेल्या हव्यात.

झोळ पडलेली बाजही तितकीच वाईट. दोरी ढिली झाली की कंबर खाली जाते आणि पाठ धनुष्यासारखी वाकलेली राहते. आधी दोरी किंवा नवार कसून घ्या. त्यावर रुई दबून गोळे झालेली गादी असेल तर ती पिंजून घ्या. ते जमत नसेल तर दोन वाकळा दुहेरी करून घाला. हाताची मूठ दाबल्यावर दोन-तीन बोटं आत जावी, त्याहून जास्त नको. खाटेची उंचीही पाहा. काठावर बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि टोंगळे कमरेहून वर यायला नकोत. खाट बुटकी असेल तर पायांखाली खळगा कोरलेले लाकडी ठोकळे द्या. सुट्या विटांवरून खाट घसरते.

आता उशा. विकतच्या खास उशांची गरज नाही, घरातलं जुनं सुती लुगडं पुरतं. ते हातभर रुंदीच्या घडीत दुमडा, एका टोकाकडून घट्ट गुंडाळत न्या आणि दोन्ही बाजूंना नाड्याने बांधा. वीतभराहून थोडी कमी जाडी झाली की बस. नायलॉनची साडी घेऊ नका, तिची गुंडाळी रात्रीतून सुटते आणि निसटते. उताणं झोपताना ही गुंडाळी टोंगळ्यांच्या खाली ठेवली की कमरेवरचा ताण उतरतो. कुशीवर झोपणाऱ्यांनी ती दोन पायांच्या मध्ये घ्यावी, आणि तीही टोंगळ्यापासून घोट्यापर्यंत. बहुतेक जण फक्त टोंगळ्यांत धरतात. मग वरच्या पायाचा घोटा खाली लोंबतो, खुबा पिळला जातो, आणि उशी घेऊनही फरक पडला नाही असं वाटतं.

इथे एक अपवाद नीट लक्षात ठेवा. दुखणं कमरेचं नसून टोंगळ्याच्याच झिजेचं असेल, तर रात्रभर टोंगळ्याखाली उशी ठेवायची नाही. पाय वाकलेला राहिला की बरं वाटतं हे खरं, पण महिनोनमहिने असं झोपल्यावर टोंगळा सरळ होईनासा होतो आणि चाल बिघडते. अशांनी कुशीवर झोपून पायांत उशी घ्यावी. खांदा दुखत असेल तर दुसऱ्या कुशीवर झोपून दुखरा हात पोटाशी धरलेल्या उशीवर टेकवा. मानेसाठी उशीची जाडी खांद्याच्या टोकापासून मानेपर्यंतच्या अंतराएवढी हवी. घरच्या कुणाला तरी समोरून पाहायला सांगा. नाक आणि छातीचा मध्य एका रेषेत आला की उशी बरोबर आहे.

उठताना सरळ उठून बसू नका. आधी टोंगळे वाकवा, खांदे आणि कंबर एकदमच कुशीला वळवा, पाय काठावरून खाली सोडा आणि कोपर-तळहाताच्या जोरावर वर या. रात्री लघवीला आंगणापलीकडे जावं लागत असेल तर उशाशी टॉर्च आणि काठी हवीच. वय झालेल्यांसाठी खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेवण्यात लाजण्यासारखं काही नाही. त्याने पडणंही टळतं आणि झोपही पुरती उडत नाही.

गोळी कुठली, यापेक्षा कधी

पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तास टिकतो. सायंकाळी सातला जेवणाबरोबर घेतलेली गोळी मध्यरात्रीपर्यंत संपते, आणि माणूस बरोबर बारा-एकला उठून बसतो. डॉक्टरांनी दिवसाच्या ज्या मात्रा ठरवून दिल्या असतील त्यातलीच एक झोपण्याआधी अर्धा-पाऊण तास घेता येईल का, हे त्यांना विचारा. मात्रा वाढवायची नाही, फक्त वेळ सरकवायची. प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅम, म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्या. वजन पन्नास किलोपेक्षा कमी असेल, दारू चालू असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर याहून बरीच कमी. घोटाळा होतो तो जोडगोळ्यांमुळे. अॅसिक्लोफिनॅकच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. वरून तापाची म्हणून वेगळी गोळी घेतली की तेच औषध दुप्पट जातं. पाकिटामागची नावं कुणाकडून तरी वाचून घ्या.

डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक या सूज उतरवणाऱ्या गोळ्या पोट जाळतात. ते बहुतेकांना माहीत असतं. मूत्रपिंडाचं मात्र कुणी सांगत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन, वर रोज ही गोळी घेतली तर मूत्रपिंडाला थेट मार बसतो. रक्तदाब किंवा साखर असणाऱ्यांनी ही गोळी दुकानातून स्वतःच्या मनाने आणूच नये.

बिननावाच्या पुड्यांबद्दल आम्हाला कळकळीने सांगावंसं वाटतं. दोन दिवसांत टोंगळे मोकळे करणाऱ्या पुडीत पुष्कळदा स्टिरॉइड सापडतं. त्याने आराम पडतोच, पण झोप उडते, चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. कित्येक महिने चाललेली अशी पुडी एकाएकी बंदही करू नका, त्याने जीवावर बेतू शकतं. ती पुडी घेऊनच दवाखान्यात जा. डॉक्टरांनीच स्टिरॉइड दिलं असेल तर ते सहसा सकाळी घ्यायचं असतं.

नसांच्या दुखण्यावर, म्हणजे आग, मुंग्या, विजेसारखी चमक यांवर, अॅमिट्रिप्टिलीन हे जुनं आणि स्वस्त औषध १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. ऐन झोपताना घेतलं तर त्याची गुंगी सकाळी नऊपर्यंत राहते, म्हणून झोपेच्या एक-दोन तास आधी घ्यावं. तोंड कोरडं पडतं, शौचाला घट्ट होते. हृदयाचा, काचबिंदूचा किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी काही आठवड्यांतच सवय लावते. ती ट्रॅमाडॉल या दुखण्यावरच्या कडक गोळीबरोबर किंवा दारूबरोबर घेतली तर झोपेत श्वास मंदावतो, आणि त्याने माणसं दगावली आहेत.

शेकाचं थोडक्यात. मिठाची पुरचुंडी किंवा गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, झोपण्याआधी. पिशवी अंगाखाली ठेवून झोपू नका, आणि बाम चोळलेल्या जागी शेकू नका, कातडी भाजते. साखरेमुळे पाय बधिर असतील तर तळपायांना शेक नकोच. घरात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण असेल तर बर्फाने शेकणं पूर्ण वर्ज्य. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखण्याचा झटका येऊ शकतो. त्यांना रात्री उशाशी पाणी आणि पायांवर पांघरूण हवं.

खर्रा, चहा, मोह

खर्ऱ्याने, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाने, जेवण जिरतं आणि झोप येते असं कितीतरी जण मनापासून मानतात. तंबाखूतलं निकोटीन जागं ठेवणारं आहे. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, मग पहाटे दोन-तीनला शरीर ते पुन्हा मागतं आणि जाग येते. ही जाग दुखण्याच्या नावावर खपते. एकदम सोडणं जमत नसेल तर शेवटचा खर्रा झोपेच्या चार तास आधी आणा आणि रात्री उठून खाणं आधी बंद करा. पुरतं सोडायचं असेल तर १८००११२३५६ हा तंबाखूमुक्तीचा सरकारी क्रमांक मोफत आहे.

चहातलं कॅफिन निम्म्यावर यायला पाच तास लागतात. सहाच्या चहाचा अर्धा अंमल अकरा वाजता शिल्लक असतो. शेवटचा कप तीनच्या आत घ्या, कोरा असला तरी. मोहाची असो की दुकानातली, दारूने डोळा लवकर लागतो पण उत्तररात्र फाटते, आणि अंग ढिलं पडल्याने माणूस वेड्यावाकड्या ढबीत पडून राहतो, म्हणून सकाळी कंबर जास्त धरते.

उकाडा

झोप लागताना शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब किंवा टिनाचं छत मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतं, तेव्हा ते उतरत नाही. संध्याकाळी छतावर पाणी मारा. शक्य असेल तर खाट आंगणात टाका, मच्छरदाणीसकट. झोपेच्या तासभर आधी कोमट पाण्याने अंघोळ करा. बर्फाच्या पाण्याने करू नका. कोमट पाण्याने कातडीकडे रक्त येतं आणि आतली उष्णता बाहेर पडते. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर दमट हवा खोलीतच कोंडते. त्याचा झोत थेट मानेवर किंवा खांद्यावर नको, स्नायू आखडतात. झोत पायांकडून घ्या आणि दुखऱ्या सांध्यावर पातळ दुपट्टा टाका. पावसाळा लागला की कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा.

अंथरुणावरचा वेळ कमी करणं

सगळ्यांत जास्त गुण येतो तो या उपायाने. सुरुवातीला पटत नाही. ज्याला झोप येत नाही त्याला अंथरुणावर कमी वेळ राहायला सांगणं उलटं वाटतं. पण आठ-नऊ तास पडून पाचच तास झोप लागत असेल, तर उरलेले तीन-चार तास मेंदू एकच गोष्ट शिकतो: अंथरूण ही कण्हत पडायची जागा आहे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठ दिवस रोज सकाळी तीन गोष्टी टिपा. किती वाजता पडलो, किती वाजता उठलो, अंदाजे किती झोप लागली. घड्याळ रात्री पाहू नका, सकाळच्या अंदाजानेच चालतं. समजा साडेआठला पडलात, पाचला उठलात. अंथरुणावर साडेआठ तास. झोप साडेपाच तास. म्हणजे वापरलेल्या वेळातली ६५ टक्केच झोप. आता झोपेत अर्धा तास मिळवा आणि अंथरुणाचा वेळ सहा तासांचा करा. उठायची वेळ पाचचीच राहील, पडायचं अकराला. आठवडाभर सरासरीने सहापैकी पाच तास सहा मिनिटं किंवा त्याहून जास्त, म्हणजे ८५ टक्के झोप लागली, की पडायची वेळ १५ मिनिटं अलीकडे घ्या. पुढच्या आठवड्यात आणखी १५. साडेपाच तासांखाली मात्र कधी जायचं नाही.

पहिले दहा-बारा दिवस जड जातात. दिवसा डुलकी येते, दुखणंही जरा वाढल्यासारखं वाटतं, आणि नेमकं इथेच बहुतेक जण सोडून देतात. साठीपुढच्यांनी किंवा दुखणं फार असणाऱ्यांनी मऊ रीत धरावी. दर आठवड्याला अर्धा तास उशिरा पडायचं, साडेआठचे नऊ, मग साडेनऊ. मिरगीचे रुग्ण, मनाच्या चढ-उताराच्या आजारावर औषध घेणारे, आणि थ्रेशर, कडबाकुट्टी किंवा ट्रॅक्टर चालवणारे यांनी हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. डुलकीत हात यंत्रात जाऊ शकतो.

वीसेक मिनिटं डोळा लागला नाही असं वाटलं तर अंथरुणावरून उठा, ओसरीत किंवा भिंतीला टेकून बसा, मंद उजेड ठेवा, मोबाइल नको. पेंग आली की परत या. उठणंच अवघड असेल तर खाटेवरच उलट्या बाजूला, पायथ्याकडे टेकून बसा. बसल्या बसल्या चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असं दहा मिनिटं करा. लांब उच्छ्वासाने आवळून धरलेले स्नायू सैल होतात. एका खोलीच्या घरात वेगळी शेज कुठून आणायची, असा प्रश्न येतो. सकाळी अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात ठेवायची आपली जुनी रीत याला उत्तम आहे. ते पसरायचं फक्त झोपताना. दुपारची डुलकी घ्यायचीच तर तीनच्या आत, वीस मिनिटं, आणि तीही अंथरुणावर न पसरता.

दिवसाचा भाग कामाचा आहे. कापसाचा वेचा किलोवर असतो म्हणून बाया एका दमात वेचतात आणि पुढचे दोन दिवस पडून राहतात. पडून राहिलेल्या दिवशी रात्री झोप येत नाही, कारण शरीराला झोपेची भूकच लागलेली नसते. दर पाऊण तासाने दोन मिनिटं सरळ उभं राहून, कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा मागे झुका. झोळी अर्धी भरली की रिकामी करा. त्या दिवशी चार किलो कमी होतील, पण दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडणार नाही.

वेगळंच काही असेल तर

पाय दुखत नाहीत पण आतून वळवळतात, रात्रीच वळवळतात, आणि चाललं की थांबतं. असं असेल तर हा अस्वस्थ पायांचा आजार असू शकतो, आणि त्यामागे पुष्कळदा लोहाची कमतरता असते. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांमध्ये रक्त कमी आहे, तेव्हा ही तपासणी टाळू नये. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही तपासायला सांगा, कारण साठा आधी संपतो. वर सांगितलेल्या अॅमिट्रिप्टिलीनने ही वळवळ वाढू शकते, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबणं, सकाळी डोकं जड असणं ही झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची खूण आहे. त्यात झोपेची गोळी घातक ठरते.

कुठल्याच ढबीत न थांबणारं आणि रोज रात्री वाढत जाणारं दुखणं, सोबत ताप, रात्रीचा घाम किंवा घटतं वजन असेल तर उशांचे प्रयोग थांबवा. मणक्याचा क्षयरोग असाच सुरू होतो. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं, पायातली ताकद जाणं यांत एक दिवसही दवडू नका. तरुण मुलाची कंबर पहाटे तीन-चारला दुखून जाग येत असेल आणि हिंडल्या-फिरल्यावर मोकळी होत असेल, तर तो सांधेसुजेचा आजार असू शकतो. त्यावर वेगळी औषधं आहेत. आणि रात्रंदिवस दुखण्याने, कर्जाच्या विचाराने "आता नको हे जगणं" असं मनात येत असेल, तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. तिथे मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

राहिली रात्रीच्या लाइनची, म्हणजे शेतीला रात्री मिळणाऱ्या विजेची गोष्ट. ओलितासाठी जागावं लागणाऱ्या आठवड्यात झोप एका तुकड्यात मिळत नाही. अशा वेळी निदान तीन तास असे धरा जे दिवसपाळीच्या आणि रात्रपाळीच्या दोन्ही आठवड्यांत झोपेचेच असतील. उदाहरणार्थ, पहाटे दोन ते पाच. मोटर त्या वेळी चालू राहणार असेल तर दुसऱ्या माणसाशी पाळी वाटून घ्या. उरलेली झोप दुपारी बारानंतर न घेता सकाळीच पुरी करा, घरी येताना डोक्याला रुमाल बांधून डोळ्यांवरचा उजेड कमी करा आणि खोली अंधारी ठेवा. जागलीला मचाणावर जाणाऱ्यांनीही हेच करावं. मचाणावर अवघडून बसण्यापेक्षा पाठीला टेकण आणि टोंगळ्याखाली तीच लुगड्याची गुंडाळी घेता येते. टोंगळाच झिजलेला असेल तर मात्र दर अर्ध्या तासाने पाय लांब करून ताणत राहा. लाइन परत दिवसाची झाली की पहिल्याच दिवशी पाचला उठा, आदल्या रात्री झोप कितीही कमी झाली असली तरी.